ओट्यावरचं ऊन

सून: आबा, आईंचा फोन होता. म्हणाल्या, नवा ओटा दाखवायला मावशींनाही घेऊन येतेय. कुठला नवा ओटा?

आबा: किती वाजता पोचते म्हणाली?

सून: तासाभरात. मी केर काढायला म्हणून आले, तर स्वयंपाकघरात तीच डुगडुगती मांडणी, तोच गळका नळ आणि ओट्याशी आईंचं तेच स्टूल. मी विचारतेय, नवा ओटा आहे कुठे?

आबा: इकडे ये. हा बघ.

सून: हा कॉम्प्युटर आहे.

आबा: त्याच्या आत बघ.

सून: अगंबाई, किती छान! कुणाच्या घरचा फोटो?

आबा: आपल्याच. आणि फोटो नाही, चित्र आहे. मी केलंय.

सून: काहीतरीच. हे भांडं उचलून घासायला घ्यावं असं दिसतंय.

आबा: सुताराला दाखवायला नकाशा हवा, म्हणून सुरुवात केली. देवाशपथ सांगतो. मग हे सॉफ्टवेअर हाती लागलं. सिनेमावाले वापरतात तेच, पण माझ्यासारख्या हौशी माणसाला फुकट. अट एकच, त्यावर धंदा करायचा नाही.

सून: थापा मारायला चालतं का, ते वाचलंत?

आबा: अटी फार लांबलचक होत्या.

सून: आणि सुतार?

आबा: त्याला बोलवायचं राहिलंय. आधी ओटा झाला, मग फरशी घातली, मग वाटलं नळाला जरा चकाकी हवी. चित्र आधी सगळं रवाळ दिसतं, वाळू टाकल्यासारखं, आणि हळूहळू निवळत जातं. नऊ तास राखण करत बसलो. निवळलं तेव्हा माझाच विश्वास बसेना. म्हणून तिला पाठवलं.

सून: चित्र आहे म्हणून सांगून?

आबा: खाली काही लिहिलं नाही.

सून: मग त्या काय म्हणाल्या?

आबा: लगेच फोन. "बारा वर्षं मागे लागले होते, शेवटी केलंत एकदाचं." आवाज जड झाला होता गं तिचा. आता तूच सांग, तिथे मी काय बोलणार?

सून: "हे चित्र आहे" एवढंच.

आबा: तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात तिनं फोन मावशीच्या हातात दिला.

सून: म्हणजे आई तीन आठवडे तिकडे बहिणीच्या गुडघ्याचं दुखणं काढतायत, आणि तुम्ही इकडे आरामात...

आबा: आराम कसला? दुसऱ्या दिवसापासून पिच्छाच पुरवला. खण उघडून दाखवा म्हणाली. चमचे करावे लागले, एकेक चमचा. मग म्हणाली, दिवा लावून कसं दिसतं? दिवा केला. परवा तर म्हणाली, तुम्ही ओट्याशी उभे असलेला फोटो पाठवा.

सून: पाठवलात?

आबा: हा बघ.

सून: हे तुम्ही? एवढे केस?

आबा: केसांना वेगळं बटण आहे. जरा जास्त दाबलं गेलं.

सून: आणि पोट कुठे गेलं?

आबा: गोल वस्तूला कॉम्प्युटर फार वेळ घेतो.

सून: आबा, मी हसतेय, पण हे बरं नाही झालं. आई बहिणीला कौतुकानं घेऊन येतायत. तिच्यासमोर काय होईल त्यांचं?

आबा: तेच तर डोक्यात घोळतंय. माझं काय व्हायचं ते होवो, मी कोडगा आहे. तिची मान खाली जायला नको. म्हणून एक युक्ती काढलीय.

सून: नको.

आबा: ऐक तर खरं. स्वयंपाकघराच्या दाराला पडदा लावू. सांगू, रंग ओला आहे, दोन दिवस आत जायचं नाही.

सून: आणि जेवायला काय करायचं?

आबा: तू दोन गल्ल्या सोडून तर राहतेस.

सून: मला यात गोवू नका. पुढच्या चित्रात मला उभी कराल, तीही बिनडोक्याची.

(दार उघडून आई एकटीच आत येते. हातात पिशवी.)

आई: पडदा कुठला लावणार होतात? दोन्ही धुवायला टाकून गेले होते मी.

सून: आई! मावशी कुठायत?

आई: ती कशी येईल? अजून गुडघा वाकत नाही तिचा.

आबा: पण तू तर म्हणालीस...

आई: तुम्ही इतके दिवस म्हणत होतात. मी एकदाच म्हणाले.

आबा: म्हणजे तुला माहीत होतं.

आई: पहिल्या दिवशी नव्हतं. पहिल्या दिवशी मी खरंच मानलं. ताईला दाखवलं, तिच्या शेजारणीला दाखवलं, पट्टी बदलायला येणाऱ्या नर्सला दाखवलं. ती म्हणाली, नशीबवान आहात. दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता पुन्हा बघत बसले, तर ओट्यावर ऊन.

आबा: ते फार छान उतरलंय. सकाळचं कोवळं...

आई: अहो, त्या खिडकीतून ऊन कधी आलंय?

आबा: आता खिडकी म्हटली की ऊन...

आई: बारा वर्षं मी तिथे उभी आहे. एक दिवस नाही आलं.

सून: आबा, तुम्हाला हे माहीत नव्हतं?

आबा: मी पाणी प्यायला जातो आत. आणि बाहेर येतो.

आई: हे चाळीस वर्षं लोकांच्या घरी वायरिंग करत फिरले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सून: मग आई, कळल्यावर तुम्ही काही बोलला नाहीत?

आई: रडले थोडी. मग म्हटलं, एवढी हौस आहे ना, करू देत चमचे.

सून: आणि केस बघितलेत?

आई: बघितले. एवढे लग्नातही नव्हते.

आबा: चुकलं माझं. तू एवढी खूश झालीस, की ते परत काढून घ्यायचा धीर झाला नाही. लाज वाटते मला.

आई: वाटू दे. पण ओट्याची उंची कुठून आणलीत? सुतार सगळ्यांना सारखाच उंच करून देतात. चित्रातला तेवढा माझ्या मापाचा दिसतो.

आबा: दाराच्या चौकटीवर तुझ्या हाताचा डाग आहे. पाण्याची घागर नेताना तू तिथे टेकतेस. त्यावरून हिशेब केला.

आई: घासून घासून दमले, जात नाही तो.

आबा: ऊन काढून टाकतो मी. दहा मिनिटांचं काम आहे.

आई: तुमच्या दहा मिनिटांचे नऊ तास होतात. ते राहू दे. आधी चला आत. तिथे नाही, दाराशी काय उभे राहता? इथे, माझ्या जागी. खिडकीतून काय दिसतं?

आबा: भिंत.

आई: आणखी?

आबा: भिंतच गं. एक पाइप आहे.

आई: बघा नीट.

सून: आई, सुताराला फोन लावू?

आई: लाव. यांना राहू दे तिथेच थोडा वेळ.