डोळ्यांत थेंब घातल्यावर

डोळ्यांच्या दवाखान्यात नर्सने थेंब घालून आम्हा तिघींना डोळे मिटून बाकावर बसवलं होतं. माझ्या शेजारच्या दोघी बहिणी होत्या.

“ताई, डोळे उघडू नकोस.”

“मी उघडले हे तुला कसं कळलं?”

“तुझ्यावर लक्ष ठेवायला मीही उघडले.”

“लहानपणापासून चोंबडी.”

“ताई, चर्चमध्ये ‘शांती असो’ म्हणताना सगळे शेजारच्याचा हात हातात घेतात. तू माझा घेत नाहीस.”

“सैन्यातल्या सक्तीच्या भरतीत तुझा मुलगा बंदूक धरणार नाही म्हणाला आणि तुरुंगात गेला. माझा लढायला गेला आणि पेटीतून आला. कुठल्या हाताने घेऊ?”

“वैऱ्यावर प्रीती करा, हे त्याला तूच शिकवलंस. रविवारच्या शाळेत.”

“दोघांना एकाच बाकावर बसवून शिकवलं. तुझ्याने ऐकलं.”

“म्हणून त्याच्यावर राग आहे?”

“त्याच्यावर कशाला? निघायच्या आदल्या दिवशी माझ्याने विचारलं, ‘आई, त्या वैऱ्यावरच्या प्रीतीचं आता काय करू?’ मी म्हटलं, ‘अरे, ते लहान मुलांना सांगायचं असतं.’”

“हे तू कधी बोलली नाहीस.”

“कुणाला सांगू? तेव्हा गप्प बसले असते, तर आज तोही तुरुंगात असता. भेटायला तरी गेले असते.”

नर्सने दोघींना आत बोलावलं.

“ताई, हात दे. पुढे पायरी आहे.”

“तिथे मावशीला भेटू देतात का गं?”

“देतात. दर भेटीत तो तुझंच विचारतो.”