टीचरचा नंबर

खलिफा सिटीतल्या क्लिनिकमध्ये माझ्या मागे एक जोडपं दबक्या आवाजात बोलत होतं. शेजारी त्यांची मुलगी चित्र रंगवत बसली होती.

"खोकला दाखवायला आलोय ना आपण? मग नर्सनं आभाच्या टीचरचा नंबर कशाला घेतला?"

"डॉक्टर टीचरशी बोलणार आहेत म्हणे."

"आपल्या पाठीमागे? मला हे काही ठीक दिसत नाही, निनाद."

"अनु, टीचरला मी सांगून बसलोय, डॉक्टरांनी कान तपासले, सगळं ओके आहे."

"तपासले कुठे?"

"मग काय सांगणार? शाळेत बोभाटा झाला असता."

"आणि मी डॉक्टरांना सांगितलंय, शाळेची काहीच तक्रार नाही."

"खलास!"

"चल, आत बोलावलंय. आभा, ऊठ. आभा!"

"ओरडू नकोस, लोक बघतायत. हात लाव तिला."