नळी बुजवायला आणलेलं पिस्तूल

मिस्त्री : बुजवतो म्हणाल तर बुजवतो, माझं काय जातंय. पण साहेब, एकदा नळी बुजवली की हे पिस्तूल राहत नाही. कागदावर ठेवायचं वजन होतं.

मुलगा : तेच हवंय मला. नळी बुजवा, आतलं सगळं जाम करा आणि वरून झकास पॉलिश मारा. काचेची पेटी करायला टाकलीय, आतून मखमल. आईच्या पंचाहत्तरीला दिवाणखान्यात लावायचीय.

मिस्त्री : त्यांना ठाऊक आहे?

मुलगा : छे, गंमत काय राहिली मग? परवान्यासाठी तपासणी आहे असं सांगून आणलंय. परवाना तिच्याच नावावर ना. बाहेर गाडीत बसलीय.

मिस्त्री : चालवायच्या कधी?

मुलगा : लग्नाआधीपासून. क्लबात नेमबाजी, बक्षिसं वगैरे. मी लहान असताना सोडलं. तेव्हापासून हे कपाटात पडून आहे. कोणी हात लावलेला मी तरी पाहिला नाही. बायको तर म्हणाली, भंगारवालासुद्धा नाक मुरडेल.

मिस्त्री : गंज आहे खरा. बोटं तांबडी झाली माझी. थांबा, रिकामं आहे ना ते बघू... आहे. जरा तो दिवा अलीकडे ओढा. आता या बाजूने डोळा लावा नळीला.

मुलगा : काय बघायचं?

मिस्त्री : बघा तर खरं.

मुलगा : चमकतंय की.

मिस्त्री : नुसतं चमकतंय? आतले पिळाचे आटे बघा, आज कापल्यासारखे. इतकी वर्षं पडून राहिलेल्या नळीत कोळी संसार थाटतो, साहेब.

मुलगा : जुनं पोलाद. तेव्हाचा माल असायचाच तसा.

मिस्त्री : पोलाद आत-बाहेर एकच असतं. बाहेर गंजलं आणि आत गंजलं नाही, ही पोलादाची करणी नाही, माणसाची आहे. आता हा पेच बघा. बाहेरून गंजलाय, पण खाच कुठे बोथट झालीय का? हा कैक वेळा उघडलाय, आणि खाचेत बरोब्बर बसेल असा पेचकस घासून घेऊन उघडलाय. माझ्याकडे शिकायला येतात त्यांना हे सांगून माझी जीभ झिजली.

मुलगा : म्हणजे वडील उघडत असणार? पण त्यांना साधा बल्ब बदलता येत नव्हता.

मिस्त्री : वास घ्या. हे बंदुकीचं तेल नाही. पातळ आहे. घरात शिलाई मशीन आहे?

मुलगा : आईचं आहे.

मिस्त्री : मग त्यांना गाडीत कशाला ताटकळत ठेवलंत? बोलवा आत.

मुलगा : आई, ये गं. पायरी आहे, जपून. इथे बस.

आई : झाली तपासणी?

मिस्त्री : माझी झाली, बाई. शिलाई मशीनचं तेल घालत होतात ना?

आई : दुसरं कुठून आणणार? बंदुकीचं तेल मागायला गेले असते तर संध्याकाळच्या आत साऱ्या गल्लीला कळलं असतं.

मुलगा : तू उघडायचीस हे? कधी?

आई : तू शाळेत, हे ऑफिसात. दुपारी घर माझंच असायचं.

मिस्त्री : आणि बाहेरचा गंज?

आई : तो मी राहू दिला. चकचकीत दिसलं असतं तर यांनी एका नजरेत ओळखलं असतं. दर वेळी मी नखाने खरवडून बघायचे, खोल तर जात नाही ना. वरवरचाच आहे ना हो?

मिस्त्री : वरवरचाच. बाई, गंज लपवायला पॉलिश मारणारे माझ्याकडे रोज येतात. आतली चमक लपवायला गंज सांभाळणारं माणूस आज पहिल्यांदा बघतोय.

मुलगा : पण लपवायचं कशासाठी?

आई : तू चार वर्षांचा होतास. कपाट उघडं राहिलं माझ्याकडून. तू हे पिस्तूल घेऊन बाहेरच्या खोलीत आलास आणि यांच्यावर रोखलंस. रिकामंच होतं. पण यांच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी मी शब्द दिला, पोराला कळायला लागेपर्यंत चालवणार नाही.

मुलगा : मला कधी कोणी बोललं नाही.

आई : काय बोलायचं? चार वर्षांचं पोर ते.

मुलगा : आणि हे तेलपाणी?

आई : तेलाचा विषयच निघाला नव्हता.

मुलगा : अगं, पण मला कळायला लागून जमाना झाला.

आई : असं? कोणी बोललं नाही मला. मी आपली वाट बघत बसले.

मिस्त्री : साहेब, मग कामाचं काय करू?

आई : कसलं काम?

मुलगा : आई, मी हे बुजवून काचेत लावणार होतो. तुला भेट म्हणून.

आई : भिंतीवर आधीच यांचा फोटो आहे. त्याला सोबत हवी होती का?

मुलगा : नको. मिस्त्री, चालू करा हे. जे लागेल ते करा.

आई : मला विचारशील की नाही? हात थरथरतो माझा. चहाचा कप बशीत वाजतो.

मिस्त्री : हाताचं नंतर बघू. आधी याचं बघतो. स्प्रिंग मेलीय, मूठ तडकलीय. बाकी तुम्ही माझ्यासाठी काही शिल्लक ठेवलेलं नाही.

(काही आठवड्यांनी, त्याच दुकानात.)

मिस्त्री : बघून घ्या. गंज काढला. हे बारीक वण राहिलेत. घासले असते तर गेले असते, पण सोबत पोलादही गेलं असतं. म्हणून ठेवले.

आई : बरं केलंत. मूठ बदलली नाहीत?

मिस्त्री : बदलणार होतो, लाकूडही काढलं होतं. मग अंगठ्याच्या जागी हा खळगा दिसला. तुमच्याच अंगठ्याने पडलाय तो. नव्या लाकडात मी कुठून आणू? तडा तेवढा भरला. स्प्रिंग मात्र नवी, माझ्या हातची. तीन मोडल्या, चौथी बसली. रिकामं आहे, तुम्हीही खात्री करून घ्या.

आई : केली. कशावर धरू?

मिस्त्री : समोर भिंतीवर खिळा आहे, त्यावर.

मुलगा : मिस्त्री, हात हलतोय हो तिचा. उगाच मन मोडेल. खुर्ची देऊ का?

मिस्त्री : हळू बोला. हलतोय, मीही बघतोय. पण खांदा बघा. श्वास बघा. आता सोडतील.

मुलगा : अजून हलतोय.

मिस्त्री : आता?

मुलगा : ...थांबला.

मिस्त्री : खटका ऐकलात? चाप सुटला आणि नळीचं टोक जागचं हललं नाही. क्लबातल्या तरण्या पोरांना हे जमत नाही, साहेब.

आई : क्षणभरच थांबतो. मग पुन्हा सुरू.

मिस्त्री : गोळीला किती वेळ लागतो, बाई?

आई : क्लब अजून रविवारीच असतो ना?

मिस्त्री : सकाळपासून.

मुलगा : मी सोडतो तुला, आई. जेवणाच्या वेळेपर्यंत परत येऊ.

आई : माझ्यासाठी खोळंबू नका. तुम्ही जेवून घ्या.