बोर्डावरची बाई

राजश्री : बोर्डावरचा हात माझा हाय, वीरेंद्रअण्णा. बांगड्या माझ्या, नेसणं माझं. मग वरचं तोंड कुणाचं?

वीरेंद्र : कुणाचं न्हाई. बोर्ड करणाऱ्या सौरवनं कंप्युटरवर बसवलंय. हातबी जरा उजळ केलाय, म्हणजे जुळून येतंय.

राजश्री : माझ्या मानेवर फॉरेनची बाई जुळून आली, व्हय.

वीरेंद्र : दुकान उघडायच्या आत भांडण काढलंस. बोर्ड साडीचा हाय, तुझा न्हवं.

राजश्री : फोटो काढताना "आठ वर्सं हायस, दुकानाचं तोंड तूच" म्हणालात. म्हणून मी आईला सांगितलं. काल ती सगळ्या गल्लीतल्या बायका घेऊन स्टँडवर बोर्ड बघायला गेलती. बायका इचारत्यात, नागुबाई, ह्यात तुझी लेक कुठाय? आई वर बघत हुबीच. घरी येऊन म्हणाली, तुला काढून टाकलं वाटतं गं.

वीरेंद्र : मी बोलतो आईसंगं.

राजश्री : काय बोलणार? तुमची लेक बघण्याजोगी न्हवती म्हणून?

वीरेंद्र : हे बघ, बेळगावात जा, सगळ्या बोर्डांवर असलीच माणसं हायत. लोकांस्नी गोरं बघायला आवडतंय.

राजश्री : बघितल्यात की. शाळेच्या बोर्डावर सोनेरी केसांची पोरं. कुठल्या वर्गात बसत्यात, मास्तरलाच ठावं. ट्रॅक्टरच्या बोर्डावर चिकोडीच्या उसात गोरा साहेब. तुमास्नी हसू येत न्हाई?

वीरेंद्र : धंद्यात हसून चालत न्हाई.

राजश्री : धंदा मी करती, अण्णा. तुमी गल्ल्यावर बसता. रोज हीच साडी ह्याच काळ्या खांद्यावर टाकून दाखवती, तवा चालतंय. इकायला मी चालती, वर टांगायला न्हाई.

वीरेंद्र : जीभ लई लांब झाल्या तुझी. दिवाळीपतोर बोर्ड हलणार न्हाई. गप आता, गिऱ्हाईक आलंय. या आक्का, कुठलं गाव?

जयाबाई : कोगनोळी. लेकीचा साखरपुडा हाय. बोर्डावरची वांगी रंगाची इरकल लई आवडली बगा. पर मला फिकटच काय असलं तर दावा.

वीरेंद्र : का वो? वांगीच घ्या की.

जयाबाई : ती बाई दुधागत गोरी. तिला शोभतंय. माज्यासारखीनं नेसल्यावर लोक हसतील.

वीरेंद्र : तसं काय न्हाई. राजश्री, खांद्यावर टाकून दाखव त्यास्नी.

राजश्री : बोर्डावरच्या बाईला खाली बोलवा. ती दाखवंल.

वीरेंद्र : गिऱ्हाईकासमोर शोभतंय का हे?

राजश्री : आक्का, तुमी बसा. तुमच्यावर राग न्हाई. तसली बाई कुठं न्हाईच. साडी मी नेसलीती, तोंड दुसरं चिकटवलंय. थांबा, दावती.

(ती वांगी इरकल उलगडून खांद्यावर टाकते.)

जयाबाई : अगं, तुजा रंग तर माज्यागतच की.

राजश्री : व्हय. आता कशी दिसती सांगा.

जयाबाई : झ्याक दिसती गं. मला बी लावून बघ बरं.

राजश्री : या, आरशाम्होरं या.

वीरेंद्र : बघितलंस? साडी गेली का न्हाई? आता ऐक, सौरवला तुझंच तोंड घालायला सांगतो. झालं समाधान?

राजश्री : नको. हातबी काढायला सांगा. उद्यापासनं मी येत न्हाई.

वीरेंद्र : आणि साड्या कोण दाखवणार?

राजश्री : आक्का, पदर जरा मोकळा सोडा. असा.