मास्तरची झील

मी राजूरची, बाप कोळशाच्या खाणीत, माय घरी म्हशी पाळे. काय सांगू तुम्हाले, आमच्या वस्तीत एक मास्तर होते, लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवत, नागपूरच्या क्लबात राहून जाझ शिकून आलते, आणि त्याहीनं खाणीवर स्टेजचा खेळ बसवला, गाणी सारी त्यांचीच. आम्ही पोट्ट्या मागं उभं राहून झील धरत होतो. कोळशाच्या पोट्ट्या म्हणून लोक हासत, अन् तिकीट काढून तेच पुढं बसत.

मास्तरची रीत अशी, की एकेकीले चाल वेगळी आणि शिकवायचीही एकटीलेच. काहून, तं बाई आपली सोडून शेजारणीची धरते म्हणत. सगळ्या सोबत गायलो ते थेट स्टेजवर.

आता मास्तरले लकवा झाला, सॅक्सोफोन धरवत नाही. त्यांचा पोरगा आला, म्हणे मावशी, बाबाले खेळातलं ते झीलीचं गाणं एकदा ऐकायचं आहे, टेप तं कुठंच नाही. झीलवाल्या उरलो तिघी, शांता, रझिया आणि मी. आम्ही आपापल्या घरून मोबाईलमध्ये गाऊन पाठवलं. पोरगा हासला, म्हणे हे गाणं होय की भांडेवालीची हाळी? मीही ऐकलं, कशाले काही जुळेना, माह्यी तं नुसती हूं हूं आणि मधातच एक उडी. शांता म्हणे सुमे, विसरलो आपण, गेलं बाई ते. मी म्हटलं विसरलेलं माणूस अडखळते, आपण तिघी अडखळलो कुठं? चाल, मास्तरच्या अंगणात जाऊ.

गेलो. जुन्यासारख्याच उभ्या राह्यलो, शांता डाव्या अंगाले, रझिया मधात, मी या टोकाले. मास्तरनं चमच्यानं गिलासावर ठेका धरला आणि आम्ही सुरू केलं, आणि काय सांगू, रझिया जिथं श्वास घ्यायले थांबली तिथंच माह्यी उडी जाऊन बसली, मागून शांता आली, आणि गाणं उभं राह्यलं बाप्पा! पोरगा आमच्या तोंडाकडे पाहतच राह्यला.

मास्तरनं डोळे उघडले, वाकड्या तोंडानं म्हणाले, शांते, घाई नको करू.

शांता म्हणे, पाहा, म्हातारी झाली तरी बोलणी मलेच!

आता दर रविवारी जातो. वस्तीतल्या दोन सुना आल्या, त्यांले एकेकीले वेगळं बसवून शिकवून राह्यली मी. मास्तर आहेत तोवर चूक ते काढतील, पुढं आमची आम्ही काढू.