पांढरे धोंडे

ईरण्णा : थांबा मास्तर, हे बगा. हितंबी शेण!

श्रीपतराव : म्हैस बसली असेल.

ईरण्णा : म्हैस काय धोंड्यावर चढून बसती का? बोटं उमटल्यात बगा, माणसाची. चुलीवानी सारवलंय. वड्यापासनं बगत आलो, आपली एक खूण नीट ठेवली न्हाई. दिवाळीपासनं चुना कालवून कालवून माझ्या हाताची सालपटं निघाली, आन् कुणीतरी त्यावर शेण फासायलंय!

श्रीपतराव : तुझ्या कलेची कदर करणारं कुणीतरी भेटलं म्हणायचं.

ईरण्णा : हसू नका. खुणा नव्हत्या तवा काय झालं ते इसरलाव व्हय? राघोबा कारकून वाट चुकून भलत्याच गावात उतरला. त्याची बायको सोमवारी माझ्या दुकानात येऊन गळा काढून रडली. लुगडी घ्यायला आलेल्या बाया आल्या पावली माघारी गेल्या. अप्पा मला म्हणले, तुमचं हे डोंगर मंडळ एक दिवस दुकान बुडवणार.

श्रीपतराव : म्हणून तर ठराव केला ना, की पायथ्याच्या कोहिनूर गावापासून माथ्यावरच्या देवळापर्यंत दर वळणावर धोंड्याला चुना लावायचा. आता चल. बाकीचे केव्हाच पुढं गेले. झऱ्यापाशी खिचडी उतरली असेल, आणि राघोबाच्या हातात पळी असली की मागून येणाऱ्याला खरवड उरते.

ईरण्णा : मला वाटतंय, हे राज्याच्या भांडणातलं काम हाय. आपलं मंडळ कल्याणीचं, हे कळून कुणी मराठीवाल्यानं न्हाईतर...

श्रीपतराव : हां! बोललास! डोंगरावर राज्याचं बोलायचं नाही. नियम म्हणजे नियम. उतरताना मोठं पातेलं तुझ्या डोक्यावर.

ईरण्णा : अवो, सबूत दिसायलंय म्हणून बोललो.

श्रीपतराव : पातेलं तुझ्या डोक्यावर. ईरण्णा, थट्टा सोड. गावात रोज तेच चाललंय. राज्य मोडल्यावर कल्याणी म्हैसूरकडं जाणार की मुंबईकडं, चावडीत तेच, न्हाव्याकडं तेच. तुझे अप्पा आणि मी वीस वर्षांचे दोस्त. परवा पेठेत समोरासमोर आलो, तर ते केळी बघायला लागले आणि मी आभाळ. रविवारचा एवढा एक डोंगर राहिलाय, जिथं मी तुला कुठला तू असं विचारत नाही. तो तरी राहू दे.

नागव्वा : सायब! ओ सायब! जाऊ नका, थांबा जरा! दम लागलाय मला.

ईरण्णा : सावकाश अव्वा, घसरशीला. बसा हितं. कोण तुमी?

नागव्वा : मी नागव्वा. खाली वड्याकाठी रान हाय न्हवं का, खळ्यात तुरी पडलेल्या, त्ये माझं. ह्या घ्या, शेंगा भाजून आणल्यात. दोन भाकरी हायत, आन् हिरव्या मिरचीचं तिखट. आदी खावा, मग बोला. रागाला मातर येऊ नका सायब. शेण म्याच लावलंय.

ईरण्णा : तुमी? कामून अव्वा?

श्रीपतराव : मी साहेब नाही, बाई. मास्तर आहे, कल्याणीच्या शाळेत.

नागव्वा : टोपी सायबाची हाय की. गळ्यात दुर्बीण हाय. ह्या अण्णाच्या हातात बादली, कुंचा. म्या सौताच्या डोळ्यानं बगितलंय, तुमी धोंडा दावायलाव आन् हा चुना लावायलाय. मी मोजणीच्या माणसाला वळखत न्हाई व्हय? सायब, एक अर्ज हाय. तेवढी रेघ जरा सरकवा.

श्रीपतराव : कसली रेघ?

नागव्वा : हीच की. राज्याची. हिकडं कानडीचं राज, तिकडं मराठीचं. बाजारात समदे बोलायलेत, सरकार रेघ माराय निगालंय म्हणून. मग तुमी आलाव. पाटलाला इचारलं, तर त्यो म्हणला, मला काय ठाव, वरनं आलं असंल.

ईरण्णा : मास्तर...

श्रीपतराव : थांब. बाई, रेघ सरकवून तुम्हाला काय हवंय?

नागव्वा : माझा लेक. अमृतप्पा. त्या टेकाडामागं वस्ती दिसती न्हवं का, ती त्याच्या बायकुचं म्हायेर. तुमची रेघ माझ्या रानाच्या आन् त्या वस्तीच्या मधनं गेली. तवापासनं त्यो तिकडं, मी हिकडं. लई न्हाई सायब, एवढं टेकाड वलांडून पल्याड न्या. माझ्या लेकाचं घर हिकडं आलं की झालं.

ईरण्णा : पर त्यो गेलाच कामून? चुना लावल्यानं कुणी घर सोडतंय का?

नागव्वा : तुमाला सरहद म्हंजे काय ठाव हाय का, अण्णा? कल्याणीत बसून? रझाकाराच्या टायमाला पोरांच्या बापानं आमाला सरहदीपल्याड नेलं, माझ्या भावाकडं. गोठ्यात म्हैस हाय, तिला कोण पाणी दावंल म्हणून माघारी आला. पुन्ना आमच्याकडं याय निगाला, तर नाक्यावर गोळी लागली. कुणाची, ते त्या टायमाला कोण इचारतंय? अमृतप्पानंच पाठीवर घालून आणलं बापाला. नुकतंच लगीन झालं हुतं तवा त्याचं. त्याला सरहद म्हणलं की बाप दिसतो.

श्रीपतराव : खाली बसा, बाई. उभ्या राहू नका.

नागव्वा : त्यानं तुमचा पयला पांढरा धोंडा बगितला आन् जेवता जेवता उठला. म्हणला, अव्वा, आता आपल्या रानापशीच नाका बसंल. बसायच्या आत कुटल्यातरी एका अंगाला व्हायला पायजे. मला म्हणला, चल. मी कशी जाऊ? ह्यांची समाधी रानात हाय. शबुदाला शबूद लागला. मी म्हणलं, जा मग, आईपरीस तुला म्हैसूर-मुंबई मोठी झाली. त्यो बैल सोडून घेऊन गेला. तुरी खळ्यात तशाच हायत, झोडायला माणूस न्हाई. सांच्याला तिकडनं घुंगरं वाजत्यात. माझ्याच बैलाची. मला वळखू येतंय.

ईरण्णा : एकदाबी आला न्हाई?

नागव्वा : नात येती, गुरुबाई. दुपारच्याला शेरडं घेऊन येती आन् धोंड्यापशी थांबती. बापानं सांगितलंय, पांढऱ्या धोंड्याच्या हिकडं पाय टाकायचा न्हाई, शिपाई धरून नेतो. मी हिकडनं शेंगा देते, ती तिकडनं घेती. धोंड्यावर वाकून मुका घेते तिचा. मग म्या इचार केला, धोंडा दिसलाच न्हाई तर? म्हणून शेण लावलं. तर पोरगी शहाणी. शेण लावलेल्या धोंड्यापशीबी थांबती!

ईरण्णा : मास्तर, जरा हिकडं या. हळू बोला. बादलीत चुना हाय. टेकाडाच्या पल्याड चार धोंडे रंगवायला कितीसा येळ? हिकडचे पुसून टाकू. तिचा लेक आजच्या आज घरी येतो.

श्रीपतराव : सरहद आधीच खोटी, तीही खोटीच सरकवायची?

ईरण्णा : आपलं काय जातंय?

श्रीपतराव : आपलं काहीच गेलं नाही, हेच तर मला टोचतंय. नाही ईरण्णा. तिला खरं सांगायचं. बाई, ऐका. ही सरकारची रेघ नाही. आम्ही सरकारचे कुणी नाही. हा ईरण्णा, पेठेत ह्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान आहे. आम्ही पंधरा-वीस जण रविवारी डोंगर फिरायला येतो. वाट चुकू नये म्हणून धोंड्याला चुना लावतो. तेवढंच आहे ते.

नागव्वा : फिरायला?

श्रीपतराव : हो.

नागव्वा : कुणाचं ढोर हरवलंय का?

श्रीपतराव : नाही.

नागव्वा : मग देवाला जाताव. वरच्या देवळात.

ईरण्णा : देऊळ वाटंत लागतं म्हणून हात जोडतो, अव्वा. पर देवासाठी न्हाई.

नागव्वा : मग कामाबिगर डोंगर कामून चढताव?

श्रीपतराव : बरं वाटतं म्हणून.

नागव्वा : बरं वाटतं म्हणून.

श्रीपतराव : हो, बाई.

नागव्वा : तुमाला बरं वाटावं म्हणून माझा लेक गेला व्हय?

ईरण्णा : अव्वा, रडू नका. माझं चुकलं. आईच्यान सांगतो, असं कायबी मनात नव्हतं. मला काय म्हायीत, चुन्याला कुणी भेईल म्हणून! मी आपला दिसायला पांढरं दिसावं म्हणून लावत गेलो. तुमी म्हणताल ती शिक्षा द्या मला.

नागव्वा : तू लिंगायताचा न्हवं का रं? कपाळाला इबूत हाय.

ईरण्णा : व्हय, अव्वा.

नागव्वा : मग इबूत लावून खोटं बोलायलास का खरं?

ईरण्णा : खरं. ही रेघ न्हाईच. नुसता चुना हाय.

नागव्वा : न्हाई? म्हंजे नाका बसत न्हाई? शिपाई येत न्हाईत?

ईरण्णा : ह्या धोंड्यापायी तर न्हाई.

नागव्वा : अगं बाई! मग ऊठ की, बसलास कामून! चल माझ्यासंगं वस्तीवर. अमृतप्पाला हेच सांग, असंच कपाळ दावून सांग. माझं त्यो ऐकत न्हाई, तुझं ऐकंल. आज बैल जुपून आला तर उद्याच्याला तुरी झोडून हुतील. सुनंला म्हणावं, भांडी तिकडंच राहू दे, मागनं आणता येतील. चल, चल.

ईरण्णा : चला. येतो मी. मास्तर, तुमी वर जाऊन खिचडी खावा.

नागव्वा : थांब. त्यो एकदम न्हाई मानायचा. लई चिकित्सा त्याला, बापावर गेलाय. त्यो इचारील. म्हणंल, ही न्हाई तर मग खरी कुटं हाय? काय सांगशीला?

ईरण्णा : खरी...

नागव्वा : बाजारात तर समदे म्हणत्यात, रेघ हाय म्हणून. मग असंल की कुटंतरी. कुटं हाय?

ईरण्णा : मास्तर, तुमी सांगा.

श्रीपतराव : मला माहीत नाही.

नागव्वा : तुमी शिकल्यालं. पेपर वाचताव.

श्रीपतराव : रोज वाचतो. रोज एक नवा नकाशा असतो. आपलं हे राज्य मोडणार, तीन तुकडे होणार, एवढं नक्की. तुकडा कुठून पाडायचा ते लांब कुठंतरी ठरवतायत. आम्ही दोन्हीकडून ओढतोय. ह्याचे अप्पा तिकडं ओढतात, मी इकडं. सभा घेतल्या मी, बाई. बोट नकाशावर ठेवून सांगितलं, इथून जायला पाहिजे, इथून. त्या बोटाखाली कुणाचं खळं येतंय हे एकदाही मनात आलं नाही. आणि इतिहास शिकवतो मी पोरांना!

नागव्वा : म्हंजे हितनंबी जाईल?

श्रीपतराव : जाईल. किंवा जाणार नाही. खरंच माहीत नाही.

नागव्वा : मग तुमचीच बरी हुती की सायब. डोळ्यांना तरी दिसत हुती. असं करा. खरी येईल तवा येऊ द्या. तवर तुमचीच असू द्या. पर टेकाडाच्या पल्याडनं घ्या.

श्रीपतराव : तुमच्या लेकाच्या वस्तीपलीकडं कुणाची घरं नाहीत का?

नागव्वा : हायत की. चार उंबरं हायत.

श्रीपतराव : मग त्यांचं काय?

नागव्वा : ...तिथनंबी येईल कुणाची तरी आई. शेंगा भाजून.

ईरण्णा : नकोच तर. मास्तर, नको आपल्याला खुणा. हा चुना सांडतो मी. वड्याचं पाणी आणून आजच समदं धुतो, तळापासनं माथ्यापतूर.

श्रीपतराव : मंडळ वाट चुकेल.

ईरण्णा : चुकू द्या. राघोबाची बायकू दुकानात आली तर तिला च्या पाजतो. वाट चुकली तर माणूस इचारीत इचारीत घरी येतंय. हे असं कुणाचं घर चुकू नये.

नागव्वा : आन् अमृतप्पाला काय सांगशीला?

ईरण्णा : जे हाय ते. ही न्हाई म्हणून सांगतो. खरी कुटं हाय ते ठाव न्हाई म्हणून सांगतो. तवर तुरी झोडून घे म्हणतो.

नागव्वा : न्हाई आला तर?

ईरण्णा : तर पुढच्या रविवारी मंडळ घेऊन येतो, अव्वा. डोंगर राहिला बाजूला. पंधरा-वीस माणसं हाव, तुरी आमी झोडू.

श्रीपतराव : बादली दे इकडं.

ईरण्णा : राहू द्या मास्तर, मी हाय की.

श्रीपतराव : राज्याचं बोललोय मी डोंगरावर. चांगलं पोटभर बोललोय. बादली माझी आणि पातेलंही माझं. तू त्यांच्याबरोबर जा. पहिला धोंडा मी धुतो.

(वरच्या वळणावर, सारवलेल्या धोंड्याच्या पलीकडं, शेरडं घेऊन एक परकरी पोरगी येऊन थांबली आहे.)

नागव्वा : ती बगा. आली. कशी पाय जुळवून थांबलीया.

ईरण्णा : बोलवा तिला, अव्वा.

नागव्वा : काय म्हणून बोलवू? बापानं सांगितलंय तिला. तुमी न्हाई म्हणताव, आन् उद्याच्याला खरी रेघ हितनंच आली तर? मीच खोटी पडन न्हवं का पोरीम्होरं?

श्रीपतराव : उद्याचं मी सांगू शकत नाही, बाई. आजचं सांगतो. आज इथं काही नाही.

नागव्वा : गुरुबाई! ए गुरुबाई! ये गं, वलांड. आजच्याला काय हुत न्हाई.