मी पत्रा झाकला होता

माझं माहेर तळा गावचं, डोंगराकडचं, आनि दिली चौलला, म्हंजे समुद्र मी लग्नानंतर पयल्यांदा बघितला आनि सुपारीचं झाड बी. माझं नाव यशोदा. हिकडं सगळ्या नारळ-सुपारीच्या वाड्या, त्यातलं एक झाड बी आमचं न्हाय, मालक वेगळे, आमी राखनदार, पन घर वाडीतच, विहिरीच्या अंगाला. आमचे हे, नारायन, आनि त्यांचा धाकटा चुलत भाऊ रघुनाथ, दोघं सुपारी काढायचे. तुम्ही बघितलंय का कधी, ताई? मानूस एका झाडावर चढला की खाली उतरतच न्हाय, वरच झोका घेतो, झाड वाकवतो आनि शेजारचं झाड पकडून तिकडं जातो, असं करत करत वीस-पंचवीस झाडं झाली की मंगच जमिनीला पाय. मी पयल्यांदा बघितलं तवा डोळे झाकून घेतलेले, आनि हे वरून हसत व्हते. असा मानूस व्हता, हे ध्यानात ठेवा, कारन पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल भित्रा व्हता. भित्रा न्हवता.

ते मोठं वादळ आलं तवाचं सांगते. सकाळपासून वारा, दुपारी तर असा की भिंती हलतात असं वाटलं. रघू भावोजींचं घर आमच्या शेजारी, मधे नुसतं कुंपन. त्यांची शेळी विहिरीपाशी बांधलेली राहिली व्हती, ती सोडायला ते गेले, त्यांच्यामागं हे गेले. रायवळ आंब्याची मोठी फांदी भावोजींच्या कमरेवर आली. यांनी उचलून बघितली, हलली न्हाय, मंग हात धरून बसले. वरून कच्च्या सुपाऱ्या आमच्या पत्र्यावर पडत व्हत्या, ताड ताड ताड, गोळीबार चालल्यासारख्या. मंग हे हात सोडून घरात करवत आनायला आले, मीच काढून दिली करवत, आनि परत गेले तोवर भावोजी गेलेले. एवढंच मला ठाऊक व्हतं. बाकीचं चार वर्षं कोनालाच कळलं न्हाय, आनि त्यात माझी चूक हाय.

पयले दोन-तीन महिने सगळं गाव उडालेले पत्रे शोधत व्हतं, पडलेली झाडं तोडत व्हतं, हे बी त्यात व्हते, मला वाटलं ठीक हाय. मंग सुपारी पिकली. आमच्या घरावरची झाडं वाचलेली, आनि पिकलेली सुपारी पडनारच, ती काय कोनाचं ऐकते? एक पत्र्यावर पडली की हे जिथं असतील तिथून खाटेखाली. घामानं चिंब, डोळे उघडे, पन मी समोर असून दिसायचे न्हाय त्यांना. झाडावर चढनं बंद, विहिरीकडं जानं बंद, वनिताच्या, म्हंजे रघू भावोजींच्या बायकोच्या, दारावरून जानं बंद, लांबच्या वाटेनं नाक्यावर जायचे. जरा कोनी बोललं की अंगावर धावायचे, मंग दिवसभर मुके. लोक म्हनाले, रघू धरतोय त्याला. मी म्हटलं, भावोजींनी जिवंतपनी कधी कोनाचा चहा फुकट घेतला न्हाय, मेल्यावर ते कोनाला धरतील?

मी काय केलं सांगू? मी हातावर हात ठेवून बसनारी न्हाय. नारळाच्या झावळ्या विनून आमी झापं करतो, तशी झापं केली, शिडी लावून स्वतः वर चढले आनि सगळ्या पत्र्यावर तीन थर घातले, वर गोनपाटं बांधली. आवाज बंद. दीपा, माझी लेक, कॉलेजला जाते, तिच्या पायातली पैंजनं काढायला लावली, कुकर मागच्या पडवीत नेला, भांडी ठेवायची ती बी फडक्यावर. आनि रघू भावोजींचं नाव घरात काढायचं न्हाय, हा माझा कायदा. वनिता एकदा आली, म्हनाली, जाऊबाई, मला मोठ्या भावोजींना एक इचारायचं हाय. मी तिला दारातूनच परत लावली, म्हटलं आता नको, त्यांना त्रास होतो. दोनदा लावली. मला लई अभिमान व्हता, ताई. बायका म्हनायच्या, नवरा सांभाळावा तर यशोदानं.

पन घर जितकं गप्प झालं तितके हे जास्तच दचकायला लागले. आधी सुपारीला, मंग चमच्याला, मंग नुसत्या पावलाला बी. एक दिवस जेवताना दीपाच्या हातून तांब्या पडला. यांनी तिला धरली आनि खाटेखाली ओढली, अशी की तिचा हात मुरगळला, आनि वर स्वतः तिच्या अंगावर पालथे. मी ओरडले. दीपा रडली न्हाय. हाताला पट्टी बांधून घेताना म्हनाली, आई, बाबा मला मारत न्हवते, वाचवत व्हते. मी म्हटलं, कशापासून गं, वादळ तर कधीच गेलं. तर म्हनाली, त्यांचं न्हाय गेलं.

तवा आशाताईंचं, म्हंजे गावातल्या आरोग्यसेविकेचं, ऐकून यांना सरकारी दवाखान्यात नेलं. मनाची डॉक्टर, तरुन पोरगी. यांना तासभर आत बसवलं, मंग मला बोलावलं. म्हनाली, काकू, हा आघातानंतरचा आजार आहे, पीटीएसडी म्हणतात, लढाईवरून आलेल्या सैनिकांनाही होतो, हे वेड नाही, भूत नाही, आणि कमजोरी तर नाहीच. त्या दिवशी जीव वाचवायला अंगानं जे केलं ते अंग अजून करतंय, वादळ संपलं हे त्याला कळलेलंच नाही. मी म्हटलं, मी तर सगळं केलंय, आनि झापांचं, कुकरचं, पैंजनांचं सगळं सांगितलं, मला वाटलं शाबासकी देईल. ती म्हनाली, ती झापं काढा.

मी भांडले तिच्याशी. म्हटलं, तू येऊन राहा एक दिवस आमच्या घरी. ती रागावली न्हाय. म्हनाली, तुम्ही मायेनंच झाकलंत. पण प्रत्येक आवाज लपवला की त्यांचं मन काय समजतं? की आवाजातच मरण आहे, बायकोसुद्धा घाबरते. आवाज झाला आणि काहीच झालं नाही, हे कळायची संधी त्यांना मिळालीच नाही. काय सांगू तुम्हाला, बाहेर बाकड्यावर बसून मी ढसाढसा रडले. तीन वर्षं पत्र्यावर चढून कंबर मोडून घेतली, आनि वादळ घरात ठेवलेलं ते मीच.

एकदम न्हाय काढायचं, डॉक्टर बाईनं बजावलेलं. गोळ्या सुरू झाल्या, आनि दर आठवड्याला झापांचा एक पट्टा, तो बी यांनी स्वतः काढायचा. पयला पट्टा काढला, सुपारी पडली, हे उभे राहिले, खाटेकडं बघितलं, पन गेले न्हाय. मी म्हटलं, सुपारी हाय. हे म्हनाले, सुपारी हाय. त्या दिवशी मी गोड केलं घरात.

तिकडं दवाखान्यात त्या दिवसाची गोष्ट सकाळपासून सांगायची, डोळे मिटून, परत परत. हे सांगता सांगता करवतीपाशी यायचे आनि थांबायचे, कारन मनात एकच, मी हात सोडला म्हनून भाऊ गेला. बाई म्हनायची, तुम्ही हात कशासाठी सोडलात ते सांगा. कितीतरी वेळा थांबले. मंग एकदा थांबले न्हायत. येताना एसटीत मला म्हनाले, मला वनिताकडं जायचंय.

वनिता पडवीत तांदूळ पाखडत व्हती. हे पायरीवर बसले आनि सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. म्हनाले, फांदीखाली असताना रघू बोलत व्हता, म्हनाला, वनीनं सांगितलेलं जाऊ नको, मी तिच्यावर ओरडून आलो, तिचं बरोबर व्हतं, सांग तिला. वनिताच्या हातातलं सूप खाली पडलं. त्या दुपारी दोघं भांडलेले, मला काय ठाऊक! शेळी मेली तर मरू दे, असं ही म्हनाली, ते चिडून गेले, आनि चार वर्षं ही समजत व्हती की आपला नवरा आपल्यावर रागावूनच मेला. त्याच्याबद्दलच तिला इचारायचं व्हतं. दोनदा आली व्हती इचारायला.

तिनं यांच्या पायाला हात लावला. मंग माझ्याकडं वळली, म्हनाली, जाऊबाई, दारात अडवलंत मला. मी म्हटलं, व्हय. दुसरं काय म्हननार?

आता हे बरे हायत. झाडावर चढत न्हायत, वाडीला पानी लावतात, सुपारी सोलतात, चढनाऱ्यांना खालून अक्कल शिकवतात. मोबाइलवर वादळाचा इशारा आला की अजून हात गार पडतात, गोळी चालू हाय, ती बी कमी केलीय बाईनं. मी आशाताईंबरोबर घरोघरी जाते, कोनी अपघातातून आलंय, कोनी बुडत्या होडीतून वाचलंय, त्यांच्या बायकांना सांगते, मानसाला जपा, पन त्याच्याभोवती गप्प बसू नका. त्या ऐकतात माझं, कारन मी आधी माझी चूक सांगते.

वनिता बोलते माझ्याशी, सनाला आमच्याकडं जेवते. पन माफ केलं असं कधी म्हनाली न्हाय. न म्हनू दे. मला माझा मानूस परत मिळाला, तिला तिच्या मानसाचं एक वाक्य मिळालं, आनि ते बी मी चार वर्षं अडवलेलं. देवानं तिला सुखात ठेवावं. माझ्या वाटनीतलं थोडं काढून तिला दिलं, तरी मी न्हाय म्हननार न्हाय.